अधिक महिन्याची दुर्बीण

गोदावरीबाई गानूंबद्दल केळशेत गावात कुणी चांगलं बोलत नसे, आणि कुणी बोललंच असतं तर बाईंनी त्यातही खोट काढली असती. सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली. पोरांनी त्यांचं नाव लवंगी ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. निवृत्त झाल्यावर ओरडायला वर्ग उरला नाही म्हणून त्या पर्यटकांवर ओरडू लागल्या. हरिहरेश्वरी आलेली मंडळी दर्शन उरकून किनाऱ्याने हिंडत इकडे यायची, पांढऱ्या कुरव पक्ष्यांच्या थव्याला फरसाण टाकायची, आणि पक्षी डोक्यावर घोंघावले की किंचाळत फोटो काढायची. बाई सरळ जाऊन हातातली पुडी ओढून घ्यायच्या.

"शेव तुमच्या लेकराला घाला," त्या म्हणायच्या. "पक्ष्याला अजून पुष्कळ लांब उडायचंय. तुमची गाडी दारात उभी असते."

एकदा एका गृहस्थांनी विचारलं, किनारा तुमच्या मालकीचा आहे का. बाई म्हणाल्या, "नाही. अक्कलही तुमच्या मालकीची दिसत नाही." ते कुटुंब पुन्हा केळशेतात आलं नाही. ज्याच्या खानावळीत ते जेवणार होते त्याने पुढे महिनाभर बाईंना पाहून न पाहिल्यासारखं केलं. बाईंना ते बरंच वाटलं, एक नमस्कार वाचला.

पक्ष्यांचा हा नाद त्यांना सासरी लागला. सासरे, म्हणजे मामंजी, बंदरावर कस्टमात कारकून होते. माणूस हौशी. सुनांची नावं लग्नात नद्यांवरून ठेवली. माहेरच्या शैलाची गोदावरी झाली, मागून धाकटी आली तिची नर्मदा. नात झाली ती क्षिप्रा. 'घरात पाण्याला तोटा नको,' असं म्हणायचे. पाण्याला तोटा पडला नाही, पण दोन नद्यांचा संगम काही मामंजींना साधला नाही.

मामंजींकडे एक दुर्बीण होती. कुठल्याशा परदेशी बोटीवरच्या खलाशाकडून घेतलेली, पितळी नळ्यांची, चांगली वजनदार. सकाळी दोन्ही सुनांना घेऊन ते खाडीच्या तोंडाशी जायचे. त्या काळी सासऱ्याने सुनांना पक्षी बघायला नेणं म्हणजे गावाला वर्षभराचा विषय. तिथे पाण्यात वाळूचा एक लांबट दांडा आहे. भरती आली की चिखल बुडतो आणि त्यात चरणारे सगळे लहान पक्षी टेकायला जागा नाही म्हणून त्या दांड्यावर दाटीवाटीने येऊन बसतात. भरतीची वेळ काढायला मामंजींना घड्याळ लागत नसे. तिथीची पाऊणपट केली की झालं. एकादशीला सव्वाआठ, नवमीला पावणेसात. सुनांना त्यांनी हे पाढ्यासारखं पाठ करायला लावलं होतं.

त्या पक्ष्यांत तुतारी नावाची एक लहानशी जात असते, चोच जराशी खाली वाकलेली. थंडीभर ती मळक्या राखाडी रंगाची, दुसऱ्यांदा बघावंसं वाटू नये अशी. पण फाल्गुन उतरणीला लागला, उत्तरेला घरट्यांच्या मुलखात परतायची वेळ आली, की तिच्या छातीपोटावर विटकरी लाल रंग चढू लागतो. मामंजी तिला माहेरवाशीण म्हणायचे. सासरी काय वाट्टेल ते नेसते, माहेरी जायचं म्हटलं की ठेवणीतलं काढते. थवा एका दिवशी उठतो आणि जातो. त्याआधीचे थोडे दिवस दांड्यावर लाल रंगाची नुसती पखरण असते.

यंदा गोदावरीबाईंना ती माहेरवाशीण बघायचीच होती. त्यांना काचबिंदू झाला होता. डाव्या डोळ्याचं काम आटोपलं होतं आणि उजवाही त्याच वाटेवर होता. गेलेलं परत येणार नाही, असं अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुढच्या वर्षी लाल रंग लाल दिसेल का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि बाईंनीही विचारलं नाही. नुसत्या डोळ्यांना आता दांड्यावर काळपट फराटा दिसायचा, बस. लेक क्षिप्रा पुण्याला असते, तिच्याखेरीज हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. कीव करून घेण्यापेक्षा आंधळं झालेलं बरं, असं त्यांचं मत.

पण दुर्बीण नर्मदाबाईंकडे होती.

ते झालं असं. वाटण्या झाल्या तेव्हा वाडी मधोमध चिरली, नारळी-पोफळी दोन्हीकडे सारख्या गेल्या. विहीर, गणपती आणि दुर्बीण तेवढी वाटता येईना. मग मामंजींनी पाळ्या लावून दिल्या. विहिरीचं पाणी दिवसाआड, गणपती वर्षाआड, आणि दुर्बीणही वर्षाआड. पाळी बदलायची पाडव्याला. तबकात नारळ ठेवून, शेजारी दुर्बीण ठेवून या घरून त्या घरी द्यायची. भावकीतले लोक हसले. पण मामंजींचा शब्द होता, चालू राहिला.

शब्द देताना मामंजी अधिक महिना विसरले. पंचांग ज्याच्या जिभेवर, तोच माणूस तिथे चुकला. दर तीनेक वर्षांनी पंचांगात एक महिना जादा येतो. तो ज्याच्या पाळीत पडेल त्याची पाळी तेरा महिन्यांची होते, आणि पाडवा पुढे ढकलला जातो. पक्ष्यांना अधिक महिना कळत नाही. ते आपल्या वेळेला निघतात. पुढची पाळी ज्याची असेल त्याच्या हाती तबक येईपर्यंत दांडा रिकामा झालेला असतो.

मागच्या अधिकाच्या वर्षी दुर्बीण गोदावरीबाईंकडे होती. त्या फाल्गुनात धाकटे दीर, तात्या, अंथरुणाला खिळले होते. मूत्रपिंडं गेली होती. नर्मदाबाईंनी चंद्राबाईबरोबर निरोप धाडला. ही चंद्राबाई कोळीण. किनाऱ्यावर जवळा सुकवते, चुलीसाठी दोन्ही वाड्यांतल्या झावळ्या नेते, त्यामुळे दोन्ही घरांत तिचा पाय. निरोप असा होता, की यांना खाटेवरून एकदा दांडा बघायचाय, दोन दिवस दुर्बीण द्या, तसेही बारा महिने भरलेच आहेत. या 'तसेही'वर गोदावरीबाई भडकल्या. मागायचं तर मागा, हक्क कसला सांगता? त्यांनी उलट निरोप धाडला, पाडव्याला या म्हणावं.

तात्या पाडव्याच्या आधी गेले.

भावजी गेले ते मूत्रपिंडाने, दुर्बीण न मिळाल्याने कुणी मरत नाही, असं गोदावरीबाईंचं म्हणणं. आणि इतकं आजारी आहेत हे निरोपात कुठे होतं? हे त्या इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्याने म्हणत, की ऐकणाऱ्याला वाटे, या समजूत नक्की कुणाची घालतायत? तेव्हापासून दोघी जावांत विस्तव जात नव्हता. बोलणं बंद. काही सांगायचंच झालं तर चंद्राबाईला उद्देशून, मग ती मध्ये उभी असो की दहा हातांवर.

यंदाचा अधिक श्रावण नर्मदाबाईंच्या पाळीत पडला. फाल्गुन लागला तशा गोदावरीबाई कॅलेंडर घेऊन बसल्या, बोटं मोजली आणि चंद्राबाईबरोबर निरोप धाडला, बारा महिने भरले, दुर्बीण द्या. डोळ्यांबद्दल अक्षर नाही. चंद्राबाई गेली तशी परत आली.

"पाडव्याला या म्हनतात," ती म्हणाली. बाईंकडे न बघता म्हणाली.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. गोदावरीबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. क्षिप्राने फोनवर हे ऐकलं आणि चार दिवसांत एक नवी कोरी दुर्बीण कुरिअरने धाडली. हलकी, काळी, जपानी. बाईंनी खोका कपाटात ठेवला आणि कपाट बंद केलं. "आई, अगं उघडून तरी बघ," क्षिप्रा म्हणाली. बाई म्हणाल्या, "ती घेतली म्हणजे ही सोडल्यासारखं होतं. मला माझ्या हक्काची हवी." डोळा चालला होता, हक्क शाबूत होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा.

फाल्गुनातली वद्य एकादशी उजाडली. भरती सव्वाआठला. गोदावरीबाई काठी टेकत किनाऱ्यावर आल्या तेव्हा नर्मदाबाई आधीच येऊन बसल्या होत्या, डोळ्याला दुर्बीण लावून.

बसायला तिथे एकच जागा आहे. कुणाचीतरी जुनी होडी वाळूत पालथी पडली आहे, तिची पाठ. मामंजींच्या वेळेपासून दोघी तिथेच बसत आल्या, म्हणून आताही तिथेच बसायच्या. नर्मदाबाई नाळेकडे, म्हणजे पुढल्या टोकाला, गोदावरीबाई मागल्या टोकाला. जागा बदलणं म्हणजे माघार, आणि माघार या घराण्याच्या रक्तात नव्हती. समोर चंद्राबाई जाळं अंथरून त्यावर जवळा पसरत होती.

पाणी चढत होतं. दांड्यावर पक्षी उतरल्याचा बारीक किलबिलाट बाईंना ऐकू येत होता. कान चांगले होते, तीच पंचाईत.

"चंद्राबाई," नर्मदाबाई म्हणाल्या, समुद्रापलीकडच्या माणसाला ऐकू जावं इतक्या मोठ्याने, "आल्या गं माहेरवाशिणी! काय रंग चढलाय. कुंकवात बुडवून काढल्यासारख्या."

"चंद्राबाई, त्यांना सांग, तो रंग विटकरी असतो. कुंकू आणि वीट यांतला फरक कळायला नजर लागते."

"आमची आहे म्हणावं नजर. देवाच्या दयेने."

गोदावरीबाई दचकल्या. हिला कळलं की काय? अलिबागला जाताना वडापच्या गाडीत कोण कोण होतं ते त्या आठवू लागल्या. गावात काय, एक शिंक दिली तर दुसऱ्या आळीत औषध निघतं.

"दोगींनी दोगींचा आयकला," चंद्राबाई जवळा पसरता पसरता म्हणाली. "मना कशाला मदी घेता?"

"ती बघ, ती बघ, कडेची," नर्मदाबाई पुढे म्हणाल्या. "पंख ताणतेय. पोट काय लाल गं बाई! आज-उद्या उठणार हा थवा. यांनाही फार आवडायची."

शेवटचं वाक्य हळू होतं, पण गोदावरीबाईंना ते बरोबर पोचलं. त्यांनी डोळे ताणून दांड्याकडे बघितलं. फराटा. त्या फराट्यात माहेरवाशिणी होत्या, लाल झालेल्या, आज-उद्या जाणाऱ्या, आणि हक्काच्या दुर्बिणीतून त्यांना बघत होती ती ही बया! रागाने त्यांनी काठी वाळूत रोवली. पण रागाच्या खाली दुसरंही काही होतं. बाईंना भीती वाटत होती. ही एकादशी गेली, हे दिवस गेले, की मग कधी?

आयुष्यात जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं. आवाज खाली आणला.

"चंद्राबाई, त्यांना सांग. एकदाच द्या म्हणावं. क्षणभर."

नर्मदाबाईंची दुर्बीण डोळ्यांवरून हलली नाही. "काय म्हणतायत? मला नीट ऐकू नाही आलं."

"एकदा द्या म्हणतात," चंद्राबाई म्हणाली. "द्या ना, धाकल्या बाय. क्षनाचा तं काम."

नर्मदाबाईंनी दुर्बीण खाली घेतली आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरली. त्यांचा चेहरा एकदम उतरलेला होता, पण तो बघायला गोदावरीबाईंना डोळे कुठे होते?

"पाडव्याला," नर्मदाबाई म्हणाल्या.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते चंद्राबाईने त्या सकाळी प्रत्यक्ष पाहिलं. गोदावरीबाई उठल्या, काठी टाकली, होडीची लांबी ओलांडली आणि दुर्बिणीला हात घातला. नर्मदाबाईंनी सोडली नाही. दोन गोऱ्या, सुरकुतल्या, एकादशीचा उपास धरलेल्या बायका वाळूत दुर्बिणीसाठी झोंबू लागल्या. "सोड, माझे महिने आहेत!" "नाही, पाडवा ते पाडवा ठरलंय, तुम्हीच म्हणालात ना तेव्हा!" "सोड म्हणते ना मेले!" चंद्राबाई ओरडत धावली. त्या आरडाओरड्याने दांड्यावरचा थवा उठला. सगळाच्या सगळा. त्याने पाण्यावर एक वळसा घेतला आणि वळताना उन्हात सगळी पोटं एकदम लाल झाली. गोदावरीबाईंची तेव्हा समुद्राकडे पाठ होती.

जुना चामडी पट्टा तटकन तुटला. गोदावरीबाई दुर्बिणीसकट गुडघ्यावर पडल्या. कळ मस्तकापर्यंत गेली, पण ती त्यांनी नंतर सोसायची ठरवली. पडल्या पडल्या वळून त्यांनी दुर्बीण उजव्या डोळ्याला लावली.

पांढरं.

त्यांनी मधलं चाक फिरवलं. पांढरं. डाव्या डोळ्याला लावून बघितली, पुन्हा उजव्याला. दुधात बुडी मारून डोळे उघडावेत तसं सगळं पांढरं. दुर्बीण खाली घेतली तर डोळ्यांत पाणी आलेलं, त्यामुळे किनाराही धड दिसेना.

"मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. हा आवाज वर्गात कुणी ऐकला नव्हता. "गेला गं. हाही गेला. चंद्राबाई, मला काही दिसत नाही."

नर्मदाबाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी एक वाक्य बोलायला हवं होतं, तेवढंच. त्या बोलल्या नाहीत. गोदावरीबाई त्यांच्या पायाशी बसून दोन्ही हातांनी स्वतःचे डोळे चाचपत होत्या, आणि नर्मदाबाईंनी तोंड मिटून ते बघितलं.

चंद्राबाईने पदराला हात पुसले, दुर्बीण उचलली, उन्हाकडे धरली.

"अगो बाय," ती म्हणाली. "ह्यात तं बुरशी भरलीय. तुमचा डोला न्हाय गेला, मोठ्या बाय. हिचाच डोला गेलाय."

गोदावरीबाईंनी डोळे पुसले. समोर वाळू दिसली, जाळं दिसलं, जवळा दिसला. पूर्वीइतकाच अंधुक, पण दिसला. त्या हसल्या. खरंच हसल्या, लहान पोरीसारख्या, आणि असं हसू आपल्याला अजून येतं याचं त्यांनाच नवल वाटलं. मग त्यांची नजर जावेकडे गेली आणि हसू जागच्या जागी आंबलं. हिला ठाऊक होतं! भिंगं पांढरी आहेत हे हिला पहिल्यापासून ठाऊक होतं. रोज सकाळी ही आंधळी दुर्बीण डोळ्याला लावून माहेरवाशिणी सांगत होती, त्यांना जाळायला. आणि आत्ता, त्या आंधळ्या झाल्या असं वाटून रडत होत्या तेव्हा, ही गप्प उभी होती.

"अधिक श्रावणात झालं," नर्मदाबाई चंद्राबाईला म्हणाल्या. "पाऊस एक दिवस खळला नाही. मी चूल मोडून गॅस केला होता. दुर्बीण लोखंडी कपाटात ठेवली. मला वाटलं, राहील."

पावसाळ्यात दुर्बीण चुलीवरच्या शिंकाळ्यात ठेवायची, उबेला, असा मामंजींचा दंडक होता. गोदावरीबाईंनी केवळ त्यासाठी न्हाणीघरातली चूल राखली होती.

"जास्तीचा महिना पाहिजे होता ना," त्या म्हणाल्या. "त्यानेच खाल्ली."

नर्मदाबाई निघून गेल्या. चंद्राबाईने गोदावरीबाईंना धरून घरी आणलं. गुडघा दुपारपर्यंत नारळाएवढा झाला. डॉक्टर म्हणाले, दहा-बारा दिवस वाळूत पाऊल टाकायचं नाही. नवी दुर्बीण कपाटात होती, माहेरवाशिणी दांड्यावर होत्या, आणि मध्ये हा गुडघा. बाई खाटेवर पडून जावेला शिव्या घालत होत्या. त्यांतल्या थोड्या स्वतःला असतील, पण त्या त्यांनी मनात घातल्या.

पाडव्याला तबक आलं. नारळ, हळद-कुंकू, आणि तुटक्या पट्ट्याला दोरा बांधलेली दुर्बीण. चंद्राबाईने ते ओटीवर ठेवलं. गोदावरीबाईंनी रीतसर घेतलं, आत नेलं आणि दुर्बीण न्हाणीघरात चुलीवरच्या शिंकाळ्यात ठेवली. तिला आता धुरी देऊन काही उपयोग नव्हता. पण पाळी त्यांची होती.

रामनवमीला त्यांनी खोका फोडला. पावणेसातची भरती. लंगडत होडीपाशी आल्या तेव्हा किनाऱ्यावर चंद्राबाईखेरीज कुणी नव्हतं. नवी दुर्बीण उजव्या डोळ्याला लावली, आणि दांडा एकदम हातावर आल्यासारखा जवळ आला. वाळूचा कण न् कण. एवढं स्वच्छ त्यांनी मामंजींच्या दुर्बिणीतूनही कधी बघितलं नव्हतं.

दांडा रिकामा होता.

म्हणजे अगदीच नाही. चार कावळे होते. आणि पाण्याच्या कडेला एकच तुतारी, वाकड्या चोचीची. राखाडी, मळकी. पहिल्या वर्षाची पोरं जात नाहीत, त्यांना रंगही चढत नाही, ती उन्हाळाभर इथेच राहतात, हे बाईंना मामंजींनी शिकवलं होतं. ती एकटीच चिखलात चोच खुपसत होती. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. लाल रंग यंदा चुकला होता. पुढच्या वर्षीचं कुणाला ठाऊक?

होडी किंचित हलली. नर्मदाबाई येऊन नाळेकडच्या टोकाला बसल्या होत्या. हात रिकामे होते, मांडीवर ठेवलेले. दुर्बीण नसताना त्या इथे का आल्या हे गोदावरीबाईंना कळेना. मग कळलं, हिलाही माहेरवाशीणच बघायची होती, आणि कळलं तसं त्यांच्या मनात काहीतरी दुष्ट सळसळलं.

"चंद्राबाई," त्या मोठ्याने म्हणाल्या, दुर्बीण डोळ्यावरून न काढता, "एक माहेरवाशीण राहिलीय हो मागे. लालभडक! काय रंग आहे. असा तर कधी बघितला नव्हता."

नर्मदाबाईंनी कपाळावर हात धरला. पुढे झुकल्या. त्यांचाही चष्मा जाड होता. बराच वेळ त्या दांड्याकडे बघत राहिल्या, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

"कुठे?" त्या म्हणाल्या.

चंद्राबाईला नाही. चंद्राबाई तर दूर टोपलीपाशी वाकली होती. त्यांनी मान वळवून गोदावरीबाईंकडे बघितलं. "कुठे आहे हो, ताई? मला दिसत नाहीये. यांच्यानंतर मी एकदाही धड बघितली नाही."

ताई! इतक्या वर्षांनी तो शब्द ऐकून गोदावरीबाईंनी दुर्बीण डोळ्यावरून खाली घेतली. हा शब्द पहिल्यांदा कोण बोलतं यावरच तर सगळं अडून होतं, आणि तो त्यांनी जिंकला होता. दुर्बीण नुसती पुढे करायची होती. होडीची लांबी, बस. पण मग तिला तो पक्षी दिसला असता. राखाडी.

आणि वाळूत बसून डोळे चाचपतानाची ती शांतता अजून त्यांच्या कानात होती.

"चंद्राबाई," त्या म्हणाल्या, "त्यांना सांग. पाडव्याला या म्हणावं."

चंद्राबाई सरळ उभी राहिली. तिने टोपली डोक्यावर घेतली, पदर खोचला.

"तुमचा ह्यो निरोप मी येकदा नेलाय, बाय," ती म्हणाली. "धाकल्या बाय घरान नव्हत्या तवा. तात्यांच्या उशाशी बसून तात्यांनाच सांगितला. बरा म्हनले, पाडव्याला जाऊ. आता न्हाय नेनार. सांगायचा तं तुमचा तुमी सांगा."

ती वाळू तुडवत निघून गेली. मागे वळली नाही.

गोदावरीबाईंनी तोंड उघडलं. जाऊ एवढ्याशा अंतरावर होती, कुजबुजलं तरी ऐकू गेलं असतं. निरोप दोन शब्दांचा होता. तो त्यांच्या तोंडून निघेना. नर्मदाबाई कपाळावर हात धरून दांड्याकडे बघतच राहिल्या, लाल रंग शोधत.